उलट की सुलट? गाळातल्या चुंबकाची साक्ष

वाङ्मय मंडळाच्या अंकात गाळ आणि चुंबक कशाला, असं कुणीही विचारेल. पण पोथीवर साल नसेल तर आपण तिचा काळ अक्षरवळणावरून, शाईवरून, कागदावरून ठरवतोच ना? जमिनीच्या थरांवर तर साल कधीच नसतं. तिथे पुरावा कसा वाचतात, हे समजून घेण्यासारखं आहे.

माझं आजोळ मुडबीचं. बसवकल्याण तालुक्यातलं हे गाव बीदर जिल्ह्यात, कलबुर्गीच्या सीमेलगत. बीदरकडे लाल जांभा, रानात काळी माती. दोन्हींत लोह आहे, आणि आपल्या विषयाची सुरुवात तिथूनच होते.

दख्खनच्या काळ्या पाषाणात मॅग्नेटाइट नावाच्या लोहखनिजाचे बारीक कण असतात. पाषाण झिजतो, नदी ते कण वाहून नेते आणि संथ पाण्यात ते तळाशी बसतात. बसताना प्रत्येक कण होकायंत्राच्या सुईसारखा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने वळू पाहतो. वरून गाळ साचत गेला, घट्ट झाला, की ती दिशा तिथेच अडकते.

इथे एक शंका येते. पाषाणाला स्वतःचं चुंबकत्व साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच मिळालेलं आहे, मग गाळात तीच जुनी दिशा दिसणार नाही का? नाही. सुटे कण वाहताना गडगडतात आणि नव्याने वळतात. मोठा गोटा मात्र क्षेत्राला दाद देत नाही, तो पडेल तसा पडतो. म्हणून नमुना गोट्यांच्या थरातून नव्हे, बारीक गाळातून घेतात.

आता मुख्य मुद्दा. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र अधूनमधून उलटं होतं, म्हणजे उत्तर दाखवणारी सुई दक्षिण दाखवू लागते. फ्रान्सच्या बर्नार ब्रुन यांना १९०६ मध्ये उलट्या दिशेचे खडक सापडले. जपानच्या मोतोनोरी मातुयामा यांनी १९२९ मध्ये या उलटण्याला कालक्रम असल्याचं दाखवलं. शेवटची मोठी उलथापालथ साधारण ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वीची. त्यानंतरच्या सुलट काळाला ब्रुन यांचं नाव आहे, आधीच्या उलट काळाला मातुयामांचं.

प्रत्यक्षात काम असं चालतं. थराचा उभा छेद तासून ताजा करतात. गाळाचा छोटा ठोकळा कापतात. पण उचलण्याआधी त्यावर उत्तर दिशा आणि आडवी पातळी खुणेने नोंदवतात. प्रयोगशाळेत तो टप्प्याटप्प्याने तापवून किंवा कमीजास्त चुंबकीय क्षेत्रात ठेवून नंतर चढलेलं चुंबकत्व उतरवतात आणि मूळ दिशा मोजतात. याशिवाय माती किती सहज चुंबकित होते, हेही मोजतात. जळालेल्या मातीत हे प्रमाण बऱ्याचदा वाढलेलं असतं, त्यामुळे जुन्या चुलींचा माग लागू शकतो.

पण या पद्धतीच्या वर्णमालेत अक्षरं दोनच: उलट आणि सुलट. एकटी ती तारीख सांगत नाही, तिला जोडीदार लागतो. तमिळनाडूतल्या अत्तिरंपाक्कमचं उदाहरण घ्या. शांती पप्पू आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तिथल्या हातकुऱ्हाडींच्या थरांचं वय मांडलं. चुंबकीय मापनावरून ते किमान १० लाख ७० हजार वर्षं ठरलं. दगड किती काळ पुरलेला होता हे सांगणाऱ्या दुसऱ्या पद्धतीने सरासरी सुमारे १५ लाख वर्षं आली. दोन साक्षी जुळल्या.

महाराष्ट्रात साक्षी जुळत नाहीत. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीवर बोरी गाव आहे. तिथे अश्मयुगीन हत्यारांच्या जोडीने ज्वालामुखीची राख सापडली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिचं वय १४ लाख वर्षं सांगितलं गेलं. मग राखेच्या रासायनिक घडणीवरून काहींनी म्हटलं, ही सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटाची. केवढी ही तफावत! चुंबकाचा प्रश्न इथे सरळ होता: राख ७५ हजार वर्षांची असेल, तर तिच्या सोबतचा गाळ सुलट असायला हवा. २००७ मध्ये संगोडे, शीला मिश्रा आणि सहकाऱ्यांनी बोरी आणि मोरगावच्या गाळात उलट दिशा नोंदवली. आजचं क्षेत्र सुलट आहे, म्हणून नंतर चढलेलं चुंबकत्व सहसा सुलटच असतं. त्यामुळे उलट साक्ष सहजी झटकता येत नाही. तरी रसायनाचा पुरावाही उरतोच, आणि वाद संपलेला नाही. पणाला काय आहे? इथला माणूस आठ लाख वर्षांहून जुना की त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाच, हे.

मुडबीच्या दक्षिणेला, पूर्वी गुलबर्ग्यात आणि आता यादगीर जिल्ह्यात असलेल्या हुणसगी खोऱ्यात इसामपूर आहे. के. पद्दय्या यांनी तिथे हातकुऱ्हाडी घडवण्याची जागाच खणून काढली. तिथे जनावरांच्या दातांवरून सुमारे १२ लाख वर्षांचं वय काढलं गेलं. म्हणजे आपल्या सीमाभागाची जमीन ही रिकामी पानं नव्हेत.

म्हणून एक विनंती. ओढ्याच्या काठाला, मुरमाच्या खाणीत घडवलेला दगड दिसला तर तो खिशात घालू नका. जागेवरच फोटो काढा, ठिकाण टिपून घ्या, पुरातत्त्व खात्याला किंवा जवळच्या विद्यापीठाला कळवा. हत्यार कपाटात शंभर वर्षं टिकेल. पण त्याच्या भोवतीच्या मातीची दिशा, कुदळीचा एक घाव बसला की गेलीच.