थंडीवर मात करणारा डास

आमच्यासारख्या इतिहासाच्या शिक्षकाने डासावर लिहावे, हे काही वाचकांस विषयांतर वाटेल. परंतु माल व माणसे कोठून कोठे गेली, हा इतिहासाचाच प्रश्न आहे. आणि प्रस्तुत डास मालाच्याच सोबतीने अर्ध्या जगात पोहोचला. डेंग्यू, चिकुनगुन्या हे उष्ण प्रदेशांचे आजार, बर्फ पडणाऱ्या देशांस त्यांचे भय नाही, असा समज युरोपात दीर्घकाळ रूढ होता. तो ज्याने खोटा ठरविला, त्या डासाचे शास्त्रीय नाव एडिस अल्बोपिक्टस.

काळ्या अंगावर व पायांवर पांढरे पट्टे आणि दिवसा चावण्याची सवय ही त्याची ओळख. १८९४ साली स्क्यूज या कीटकशास्त्रज्ञाने त्याचे शास्त्रीय वर्णन केले, ते आपल्याच देशातील कलकत्त्याच्या नमुन्यांवरून. मात्र त्याचे मूळ क्षेत्र आग्नेय आशियाच्या अरण्यांपासून थेट जपान व उत्तर चीनपर्यंत पसरलेले आहे. ही बाब विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात ठेवावी. थंडी सोसण्याची विद्या हा डास परदेशी जाऊन नव्याने शिकला असे नाही. त्याच्या उत्तरेकडील शाखेत ती पूर्वीपासूनच होती.

ही विद्या प्रौढ डासाच्या अंगी नाही. कडाक्याच्या थंडीत प्रौढ डास मरतात, अळ्याही मरतात. हिवाळा काढते ते अंडे, आणि त्याची तयारी करते ती आई. उन्हाळा सरून दिवस लहान होऊ लागले, की मादी कोषात असताना व प्रौढ झाल्यावरही ते दिनमान टिपते. दिवस एका ठराविक मर्यादेहून, साधारणतः १३ ते १४ तासांहून, लहान झाला म्हणजे ती निराळी अंडी घालू लागते. त्यांत चरबीचा साठा अधिक असतो, आकार किंचित मोठा असतो आणि ती सहजी सुकत नाहीत. आत अळी पूर्ण तयार होते, पण बाहेर पडत नाही. जणू दाराशी येऊन थांबते. यास सुप्तावस्था म्हणतात. शरदात पाऊस होऊन भांडे भरले, तरी असे अंडे फुटत नाही. युरोपातील डासांची ही अंडी उणे १० अंश सेल्सिअसमध्ये एक दिवस ठेवूनही जगल्याचे प्रयोगांत आढळले आहे.

मादी थंडी न पाहता उजेड का पाहते, असा प्रश्न चाणाक्ष विद्यार्थी विचारील. थंडीचा भरवसा नसतो. ऑक्टोबरातही एखादा आठवडा उबदार निघतो आणि त्यास भुलून फुटलेली पिल्ले पुढच्या गारठ्यात नष्ट होतात. दिनमान मात्र त्याच ठिकाणी, त्याच तारखेस, दरवर्षी तेवढेच असते.

आता प्रवासाविषयी. उघड्यावर टाकलेल्या टायरमध्ये पावसाचे पाणी साचते आणि मादी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, आतल्या बाजूस अंडी चिकटविते. पाणी आटले तरी ती कित्येक महिने जिवंत राहतात. जुन्या टायरांच्या जागतिक व्यापाराने हे बिनभाड्याचे प्रवासी सर्वत्र नेले. १९७९ मध्ये हा डास अल्बानियात आढळला, १९८५ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात ह्यूस्टन परिसरात, आणि १९९० मध्ये इटलीतील जेनोआ येथे. अमेरिकेतील डासांचे दिनमानाचे गणित जपानी डासांशी जुळले, त्यावरून त्यांचे मूळ जपानकडे असल्याचा माग लागला. आम्हांस हा पुरावा एखाद्या शिलालेखाइतकाच मोलाचा वाटतो.

पण आयते आणलेले गणित प्रत्येक ठिकाणी उपयोगी पडत नाही. उत्तरेस हिवाळा लवकर येतो. तेथे दिवस अजून मोठा असतानाच तयारीस लागावे लागते. ज्या माद्या उशीर करीत, त्यांची संतती टिकत नसे. १९८८ व २००८ या दोन काळांतील अमेरिकन डासांची तुलना केली असता, अवघ्या वीस वर्षांत अक्षांशानुसार ही मर्यादा बदलल्याचे दिसून आले. हिवाळा सौम्य असलेल्या फ्लोरिडात तर सुप्तावस्थेची प्रवृत्तीच क्षीण झाली. उत्क्रांती म्हणजे लक्षावधी वर्षांची गोष्ट, अशी समजूत असणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य अभ्यासावे. आपल्याकडे डेंग्यू पसरविणाऱ्या एडिस इजिप्तीजवळ ही सुप्तावस्था नाही, म्हणून तो थंड देशांत सहसा तग धरीत नाही. वॉशिंग्टन शहरातील एका वस्तीत तो काही हिवाळे टिकला, तो बहुधा जमिनीखालच्या उबदार जागांच्या आश्रयाने.

२००७ च्या उन्हाळ्यात इटलीतील रावेन्ना जिल्ह्यात, कास्तिल्योने या नावाच्या दोन शेजारी गावांत, ताप व असह्य सांधेदुखीची साथ आली. दोनशेहून अधिक लोक आजारी पडले. कोणी नदीस दोष दिला, कोणी सरकारला. आफ्रिकेतून आलेल्या स्थलांतरितांकडेही बोटे दाखविली गेली. तपासात तो चिकुनगुन्या निघाला. विषाणू केरळहून आलेल्या एका प्रवाशाच्या रक्तातून आला होता, हे खरे. पण एका आजारी माणसाने साथ होत नाही. ती पसरविणारा डास कित्येक हिवाळे काढून गावांच्या अंगणांत, कुंड्यांखालच्या बशांत, आधीच स्थायिक झालेला होता. त्याला कोणा परक्या माणसाने नव्हे, व्यापाऱ्यांनी मागविलेल्या टायरांनी आणले होते. आरोग्य कर्मचाऱ्यांनी घरोघर जाऊन साचलेले पाणी काढले, औषध टाकले आणि शरदात साथ ओसरली. विषाणू गेला, अंडी राहिली. पुढे २०१७ साली इटलीतच, रोम व अँझिओच्या परिसरात, चिकुनगुन्या पुन्हा पसरला.