मानेवरचा आणि पाठीवरचा हक्क



लग्नसराईच्या तोंडावर, जुम्याच्या नमाजनंतर, आमच्या मोहल्ल्यातील एक गृहस्थ मला भेटावयास थांबले. त्यांच्या दारी दोन घोडे आहेत. वरातीसाठी घोडा देणे हा त्यांचा वडिलोपार्जित धंदा. ते म्हणाले, "मौलाना, थोरला घोडा बँडच्या आवाजाने बिथरतो, मागच्या पायांवर उभा राहतो. मागच्या महिन्यात नवरदेव पडता पडता वाचला. कोणी सांगतात काटेरी लगाम चढवा, कोणी सांगतात डोळ्यांवर पट्टी बांधा. आपण काही पढून द्या." मी दुआ केली, सबुरीचे चार शब्द सांगितले आणि घरी आलो.

रात्री मात्र मनाला टोचणी लागली. मालकाला उत्तर मिळाले होते; घोड्याला मिळाले नव्हते. दुसऱ्या दिवशी फजरनंतर मी त्यांच्या तबेल्यात गेलो. घोडा आखूड दोराने भिंतीशी बांधलेला होता. त्याच्या ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांत जखमा होत्या. मी हात पुढे करताच त्याने मान झटकून मागे नेली. या महिन्याचा पाठ त्या तबेल्यातूनच सुरू झाला आहे.

अल्लाहने ज्याची शपथ घेतली

सूरह अल-आदियात आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. अकरा छोट्या आयती. आरंभी धापा टाकीत धावणाऱ्या, टापांनी ठिणग्या उडविणाऱ्या, पहाटे शत्रूवर चालून जाणाऱ्या आणि धुळीचे लोट उठविणाऱ्या घोड्यांची शपथ आहे. त्या शपथेनंतर लगेच सांगितले आहे की मनुष्य आपल्या पालनकर्त्याशी कृतघ्न आहे. घोड्यांचा आणि कृतघ्नतेचा संबंध काय? भाष्यकारांनी तो असा उलगडला आहे: मालक घोड्याला निर्माण करीत नाही, फक्त चारा-पाणी देतो, आणि तेही अल्लाहनेच उगवलेले. तरी तेवढ्या उपकारावर घोडा त्याच्या इशाऱ्याने जिवावर उदार होऊन धावतो. मनुष्याला मात्र सर्व काही देणाऱ्याची आठवण राहत नाही.

बंधूंनो, याचा दुसरा अर्थही ध्यानी घ्यावा. जो प्राणी आपल्याला कृतज्ञता शिकविण्यासाठी उभा केला गेला, त्याच्याशीच आपण कृतघ्न झालो, तर हा पाठ आपण उलटा वाचला असे होईल.

सूरह साद मध्ये हजरत सुलैमान अलैहिस्सलाम यांच्यासमोर सायंकाळी उत्तम घोडे आणले गेल्याचा प्रसंग आहे. त्यांनी घोडे परत बोलावून त्यांच्या पायांना आणि मानांना हात लावला. या शब्दांचे दोन अर्थ सांगितले जातात. काहींनी तो वध मानला. परंतु हजरत इब्ने अब्बास रजि. यांच्याकडून आलेला आणि इमाम तबरी यांनी पसंत केलेला अर्थ असा की, ते प्रेमाने त्यांच्या अंगावरून हात फिरवीत होते. तेथील क्रियापद 'मसह' या धातूचे आहे. वुजू करताना आपण डोक्यावर ओला हात फिरवितो, तोच हा शब्द.

तीन घोडे

सहीह बुखारीत हजरत अबू हुरैरा रजि. यांच्याकडून एक दीर्घ हदीस आली आहे. प्रेषित सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी सांगितले की घोडा कोणासाठी पुण्य असतो, कोणासाठी आडोसा आणि कोणासाठी ओझे. जो अल्लाहच्या मार्गासाठी घोडा पाळतो, त्याच्या घोड्याने चरलेला चारा, उमटवलेली पावले, एवढेच नव्हे तर टाकलेली लीदही पुण्यात गणली जाते. जो पोटापाण्यासाठी, दुसऱ्यापुढे हात पसरावा लागू नये म्हणून पाळतो आणि त्याच्या मानेवरचा व पाठीवरचा अल्लाहचा हक्क विसरत नाही, त्याच्यासाठी घोडा आडोसा ठरतो. आणि जो गर्वासाठी व दिखाव्यासाठी पाळतो, त्याच्यासाठी ओझे.

मधला घोडा आपल्या कामाचा आहे. वरातीचा, टांग्याचा, थंड हवेच्या ठिकाणी पर्यटकांना फिरविणारा घोडा हा त्याच वर्गातला. धंदा हलाल आहे, प्रतिष्ठेचा आहे. पण त्याला अट आहे. मानेवरचा हक्क आणि पाठीवरचा हक्क. हा हक्क पाळावयाचा तर आधी ती मान आणि ती पाठ ओळखली पाहिजे.

घोडा हट्टी नसतो, भ्यालेला असतो

सूरह अल-अनआम मध्ये सांगितले आहे की जमिनीवर चालणारे प्राणी आणि पंखांनी उडणारे पक्षी हेही आपल्यासारखेच समुदाय आहेत. प्रत्येक समुदायाची स्वतःची रीत असते. घोडा हा शिकार होणारा प्राणी. त्याला शिंगे नाहीत, नखे नाहीत. पळणे हेच त्याचे संरक्षण. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. परंतु नेमके पाठीमागचे आणि कपाळासमोरचे अगदी जवळचे दिसत नाही. म्हणून मागून अचानक जाऊ नये. तिरके, त्याला दिसेल असे, हलक्या आवाजात बोलत खांद्याकडे जावे.

तो मुका नाही. त्याचे कान वाचावेत. कान पुढे ताठ असतील तर त्याचे लक्ष कशावर तरी खिळले आहे. मागे मानेशी चिकटले असतील तर तो चिडला आहे किंवा त्याला दुखते आहे. डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे, नाकपुड्या फुगणे, शेपटी आवळून धरणे ही भीतीची लक्षणे. मान खाली सोडणे, ओठ चाटणे, लांब श्वास टाकणे म्हणजे मन निवळले. ज्याला आपण खोडी म्हणतो, ती पुष्कळदा रुतणारे खोगीर, वाढलेला खूर, दुखणारा दात किंवा जुनी भीती असते.

त्या वरातीच्या घोड्याचेही असेच होते. ढोल वाजला की तो दचके. दचकला की लगाम जोराने ओढला जाई. लगामाची लोखंडी कडी दातांमधल्या मोकळ्या हिरडीवर आणि जिभेवर दाबली जाई. अशा रीतीने ढोल आणि वेदना यांची त्याच्या मनात गाठ बसली. त्यावर काटेरी लगाम चढविणे म्हणजे ती गाठ आणखी घट्ट करणे. असा काटेरी लगाम आपल्या देशात 1965 च्या नियमांनी वर्ज्य केला आहे, हेही मालकांनी जाणून असावे.

शिकविण्याची रीत: दाब आणि सूट

घोडा दाबाने शिकत नाही. दाब सुटण्याने शिकतो. पोटरीचा हलका दाब दिला, तो एक पाऊल पुढे टाकताच दाब काढला, की पुढे जाणे म्हणजे सुटका हे त्याला कळते. लगाम हलका धरला, तो थांबताच सैल केला, की थांबणे म्हणजे आराम हे त्याला कळते. सूट त्याच क्षणी मिळाली पाहिजे. तो थांबल्यावरही लगाम ओढलेलाच राहिला, तर थांबूनही सुटका नाही एवढेच तो शिकतो. मग तोंड बधिर होते आणि मालक आणखी कडक लगाम शोधू लागतो.

भीती घालवावयाची असेल तर भीतीचे कारण दुरून आणि थोडे दाखवावे. ढोल इतका लांब वाजवावा की घोडा कान टवकारील पण पळणार नाही. तो निवळला की ढोल थांबवावा, मानेवर हात फिरवावा. दुसऱ्या दिवशी चार पावले जवळ. यास आठवडे लागतात. एकदम गर्दीत नेऊन 'सवय होईल' म्हणणे म्हणजे त्याला बुडवून पोहणे शिकविणे होय.

सहीह मुस्लिममध्ये आहे की हजरत आयेशा रजि. एका अवघड स्वभावाच्या उंटावर स्वार झाल्या आणि त्याला मागे-पुढे हिसके देऊ लागल्या. तेव्हा प्रेषित सल्ल. यांनी त्यांना सौम्यतेची आठवण दिली आणि शिकविले की सौम्यता ज्यात असते त्याला शोभा आणते, आणि ज्यातून काढून घेतली जाते ते विद्रूप होते. हा उपदेश आपण घराघरांत सांगतो. पण तो प्रथम एका जनावराच्या पाठीवर दिला गेला, हे विसरतो.

सौम्यता म्हणजे ढिलाई नव्हे. प्रेषित सल्ल. यांनी घोड्यांच्या शर्यती लावल्या. तयार केलेल्या घोड्यांना लांबचे अंतर आणि तयार न केलेल्यांना जवळचे अंतर ठरवून दिले. हजरत इब्ने उमर रजि. त्यात स्वतः धावले होते. म्हणजे ज्याची जेवढी तयारी, तेवढीच त्याच्याकडून अपेक्षा. मदीनेत एका रात्री घबराट झाली, तेव्हा आपण हजरत अबू तल्हा रजि. यांच्या मंद समजल्या जाणाऱ्या घोड्यावर खोगिराविना स्वार होऊन गेलात आणि परत येऊन त्याला समुद्राची उपमा दिलीत. आपणच एका घोड्याच्या कपाळावरचे केस बोटाने पिळीत उभे असल्याचे हजरत जरीर रजि. यांनी पाहिले होते. तोंडावर मारणे आणि तोंडावर डाग देणे मात्र आपण स्पष्ट शब्दांत मना केले.

रोजचे हक्क

पहिला हक्क चारा-पाण्याचा. घोड्याचे जठर लहान असते. थोडे थोडे, दिवसभर खाणे ही त्याची घडण. दोन वेळा तोबरा भरून खुराक देणे आणि मधले तास रिकामे ठेवणे यातून पोटशूळ उठतो, आणि तो जीवघेणा ठरू शकतो. खुराकापेक्षा गवत-चाऱ्यावर भर द्यावा. पाणी दिवसाला साधारण 25 ते 45 लिटर, उन्हाळ्यात अधिक.

दुसरा हक्क अंगाचा. रोज खरारा करावा आणि खोगीर टेकते तेथे हाताने चाचपावे. गरम, सुजलेले किंवा सोललेले आढळले तर त्या दिवशी खोगीर नाही. खूर रोज साफ करावेत. सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून कापून घ्यावेत. स्वार आणि खोगीर मिळून ओझे घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक नसावे. अडीचशे किलोच्या तट्टूवर ऐंशी किलोचा मनुष्य बसविणे हे त्याच्या पाठीवरच्या हक्काचे हनन आहे.

तिसरा हक्क विश्रांतीचा. अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे की प्रेषित सल्ल. यांनी जनावरांच्या पाठींना मिंबर बनविण्यास मना केले. कारण ती वाहून नेण्यासाठी दिली आहेत, आणि थांबण्यासाठी जमीन आहे. आता आपल्या वराती आठवा. नवरदेव दोन-दोन तास पाठीवर, घोडा जागच्या जागी, कानाशी डीजे, तोंडावर फटाक्यांचा उजेड. याहून उंच मिंबर कोणता? हजरत अनस रजि. सांगतात की मुक्कामाला उतरल्यावर जनावरांवरचे ओझे उतरविल्याशिवाय ते नफिल नमाजदेखील सुरू करीत नसत.

याच संग्रहात त्या उंटाची हदीस आहे, जो प्रेषित सल्ल. यांना पाहून कण्हला आणि ज्याच्या डोळ्यांतून पाणी वाहिले. आपण त्याच्या कानामागे हात फिरविला, तो शांत झाला. मग मालकाला बोलावून सांगितले की या जनावराबाबत अल्लाहला भीत नाहीस काय. तू त्याला उपाशी ठेवतोस आणि राबवून थकवतोस अशी त्याची तक्रार आहे.

फुकहांनी या हक्कांना कायद्याचे रूप दिले. कोकणातील आपले शाफई बंधू ज्या मजहबावर आहेत, त्यात मालक चारा देत नसेल तर शासक त्याला भाग पाडू शकतो. हनफी मजहबाच्या प्रसिद्ध मतानुसार काझी सक्ती करणार नाही, परंतु अल्लाहसमोर तो बांधील आहे. इमाम अबू यूसुफ यांनी तर सक्तीचेच मत दिले. इमाम इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम यांनी लिहिले आहे की जनावर म्हातारे वा आजारी होऊन निरुपयोगी झाले, तरी त्याचा खर्च मालकावरच राहतो.

भाड्याने बसणाऱ्यांसाठी

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे घोडा नाही. पण माथेरानला, महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी, पाचगणीच्या पठारावर तुम्ही मुलांना घोड्यावर बसविता. तेव्हा आधी जनावर पाहा. पाठीवर जखम आहे? चालताना मान वरखाली हापसते, म्हणजे लंगडते? तर बसू नका आणि मालकाला आदराने कारण सांगा. "पळवा, पळवा" म्हणून ओरडू नका. लगामाला लोंबकळू नका, तोल खोगिरावर ठेवा. भाव पाडण्यासाठी घासाघीस करताना हे ध्यानी असू द्या की तो पैसा तोबऱ्यातूनच कमी होणार आहे. आणि बसताना सवारीची दुआ मुलांकडून म्हणवून घ्या. तिचा आशय असा आहे की ज्याने हे आमच्या स्वाधीन केले तो पवित्र आहे, आमच्यात ते बळ नव्हते, आणि आम्हाला त्याच्याकडेच परतावयाचे आहे.

त्या तबेल्यात पुढे काय झाले

त्या गृहस्थांना मी पशुवैद्यकांकडे घेऊन गेलो. त्यांनी सांगितले, तोंड भरून येईपर्यंत लगाम नको. सराई ऐन भरात होती. गृहस्थांनी तीन सुपाऱ्या परत केल्या. घरात कुरबुर झाली. मुलीच्या फीचा हप्ता थांबला. ही झळ मी हलकी करून सांगणार नाही, कारण हक्क देताना हात रिकामा होतो तेव्हाच तो खरा हक्क ठरतो. मोहल्ल्यातील चार जणांनी कर्जे हसना दिले, म्हणून निभावले.

आज तो घोडा ढोलाला बिचकत नाही; डीजेला मात्र अजूनही बिचकतो. मालक आता सुपारी घेतानाच सांगतात की डीजे असेल तर घोडा येणार नाही आणि अर्ध्या तासाच्या वर नवरदेव पाठीवर राहणार नाही. काही गिऱ्हाइके तुटली. परवा मी तबेल्यात गेलो, तेव्हा घोड्याने मान मागे नेली नाही. हातावर नाक टेकून लांब श्वास टाकला.

वाचकहो, या महिन्यात घरी मुलांना घेऊन सूरह अल-आदियात अर्थासह वाचा आणि त्यांना विचारा: आपल्या दारी, आपल्या गोठ्यात, आपल्या भाड्याच्या गाडीला जुंपलेले असे कोण आहे, ज्याच्या मानेवरचा आणि पाठीवरचा हक्क आपल्याकडे बाकी आहे?

अल्लाह आपल्याला मुक्या जिवांची तक्रार कयामतच्या दिवसापूर्वीच ऐकण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.