खोक्यावरचा आकडा आणि दारातला चेहरा

कॅमेऱ्याकडून को-ऍक्सियल केबलमधून येणारा ऍनालॉग सिग्नल संगणकाला थेट कळत नाही. तो आकड्यांत बदलून देणारं कॅप्चर कार्ड मध्ये लागतं. पतसंस्था, गृहनिर्माण सोसायट्या, सराफी पेढ्या, गोदामं अशा ठिकाणी पीसीवर चालणारी यंत्रणा बसवताना चर्चा होते ती कॅमेऱ्याची: लेन्स किती मिलिमीटरची, अंधारात दिसेल का, किती लांबचं दिसेल. कार्डाची चौकशी मात्र ‘किती चॅनलचं?’ या एका प्रश्नावर संपते. पुढे खरी गरज पडते तेव्हा फुटेजमध्ये चेहरा ओळखू येत नाही आणि दोष कॅमेऱ्याच्या माथी जातो. कॅमेरा बदलला जातो, चित्र तसंच राहतं. अशा जुळणीत चित्राची खरी नासाडी बहुतेक वेळा कार्डात होते आणि ती होणार हे खरेदीच्या दिवशीच कळू शकतं, असं माझं ठाम मत आहे. खोक्यावर छापलेला फ्रेमचा आकडा सगळ्या कॅमेऱ्यांचा मिळून असतो. आपल्याला जाणून घ्यायचा असतो तो एका कॅमेऱ्याच्या वाट्याचा आकडा, आणि तो खोक्यावर कुठेच नसतो.

आपल्याकडचे जुने ऍनालॉग कॅमेरे पाल पद्धतीचे. पालमध्ये 625 रेषा असतात, त्यांतल्या 576 चित्रात दिसतात आणि सेकंदाला 25 फ्रेम येतात. साध्या कार्डावरची डिकोडर चिप एका वेळी एकाच कॅमेऱ्याचा सिग्नल वाचू शकते, या एका गोष्टीवर पुढचं सगळं अवलंबून आहे. स्वस्त कार्डांवर वर्षानुवर्षं दिसणारी चिप म्हणजे ब्रुकट्रीची बीटी 878. तीच पुढे कोनेक्झंटच्या नावाने फ्यूजन 878ए म्हणून विकली गेली. अशी एक चिप आणि तिच्यामागे चार तोंडं असलेलं कार्ड ‘4 चॅनल’ असतं, आणि चार चिपचं कार्डही ‘4 चॅनल’च असतं. पहिल्याच्या खोक्यावर 25 फ्रेम लिहिलेल्या असतात, दुसऱ्याच्या खोक्यावर 100. मागची बीएनसीची तोंडं मोजली तर दोन्ही सारखीच. घेणारा मनात 25 ला 4 ने भागतो आणि प्रत्येकी सव्वासहा फ्रेम मिळतील असं धरून चालतो. तेवढ्याही मिळत नाहीत. चारही कॅमेरे आपापल्या तालावर चाललेले असतात. चिप एकावरून दुसऱ्यावर गेली की नव्या सिग्नलचा ताल पकडेपर्यंतचं चित्र वापरता येत नाही, ते टाकून द्यावं लागतं. एका नळाखाली चार घागरी आळीपाळीने धरल्या तर घागर बदलताना थोडं पाणी जमिनीवर जातंच, तसं हे आहे. प्रत्यक्षात प्रत्येक कॅमेऱ्याच्या वाट्याला तीन-चार फ्रेम उरल्या तरी पुष्कळ. यूएसबीला लावायचं चार तोंडांचं छोटं डोंगल मिळतं, त्यातही बहुधा एकच डिकोडर असतो. घराच्या अंगणावर नजर ठेवायला ते चालेल. पैशांचा व्यवहार जिथे होतो तिथे ते लावू नये.

तीन फ्रेम म्हणजे काय, हे चालत्या माणसावर मोजून पाहावं. ताशी 5 किलोमीटरच्या साध्या चालीने माणूस सेकंदाला सुमारे 1.4 मीटर पुढे जातो. सेकंदाला तीन फ्रेम असतील तर दोन फ्रेमच्या मधे तो जवळजवळ अर्धा मीटर सरकलेला असतो. दारापाशी तो कॅमेऱ्याच्या नेमक्या टप्प्यात असतो तेवढ्या वेळात त्याच्या दोन-तीनच फ्रेम मिळणार, आणि त्यातल्या एकीत तरी त्याचं तोंड वर असेल अशी आशा धरायची. फाटकासमोरून ताशी 40 किलोमीटरने गेलेली मोटारसायकल सेकंदाला 11 मीटर कापते. दोन फ्रेममध्ये पावणेचार मीटरचं अंतर पडतं. नंबर प्लेट वाचता येईल एवढ्या टप्प्यात ती एकदाही न टिपली जाण्याची शक्यता मोठी आहे.

मग चिप वाढवल्या की प्रश्न मिटला का? इथे दुसरी वाटणी आडवी येते. जुन्या पीसीआय स्लॉटच्या बसची, म्हणजे कार्ड आणि पीसी यांच्यातल्या सामायिक वाटेची, क्षमता कागदोपत्री सेकंदाला 133 मेगाबाइट, आणि ती त्या बसवरच्या सगळ्या कार्डांमध्ये मिळून. 704 बाय 576 चं, म्हणजे डी1 चित्र न दाबता (कॉम्प्रेस न करता) पाठवलं तर एका कॅमेऱ्याला सेकंदाला सुमारे 20 मेगाबाइट लागतात. चार कॅमेऱ्यांचे 80 झाले, ते कसेबसे मावतात. सोळांचे 320 होतात, ते मावणं शक्यच नाही. म्हणून सोळा चिपचं ‘400 फ्रेम’वालं कार्ड तो आकडा खोटा न ठरवता एक वाट काढतं: प्रत्येक चित्र 352 बाय 288 चं, म्हणजे सीआयएफचं करून पाठवतं. रुंदी निम्मी, उंची निम्मी, चित्र चतुर्थांश. फ्रेम पुऱ्या मिळतात, चेहरा मात्र जातो. यावरचा उपाय म्हणजे कार्डावरच चित्र दाबणारं, म्हणजे हार्डवेअर कॉम्प्रेशनचं कार्ड. त्यातून बसवर जातो तो आधीच एच.264 मध्ये दाबलेला प्रवाह. डी1 चित्राला तो साधारण सेकंदाला 1 मेगाबिटपर्यंत येतो, म्हणजे सोळा कॅमेरे मिळून 2 मेगाबाइट. प्रोसेसरवरचा भारही उतरतो. सॉफ्टवेअर कॉम्प्रेशनच्या कार्डात हेच काम पीसीला करावं लागतं. भार वाढला की तो मुकाट्याने फ्रेम गाळतो आणि पडद्यावर तशी सूचना क्वचितच येते. पीसीआय एक्सप्रेसच्या कार्डांत जागा अधिक असते, पहिल्या पिढीच्या एका लेनलाही 250 मेगाबाइट. पण जुन्याच चिप ब्रिजमागे (दोन स्लॉट-पद्धती जोडणाऱ्या चिपमागे) बसवून त्यांना नवा स्लॉट दिलेली कार्डंही आहेत. त्यांत अडचण ब्रिजच्या मागच्या बाजूला तशीच राहते.

चेहऱ्यासाठी नेमकं किती चित्र लागतं, यालाही मोजमाप आहे. आयईसी 62676-4 या आंतरराष्ट्रीय मानकाच्या 2014 च्या आवृत्तीत अनोळखी माणसाची ओळख पटवण्यासाठी दर मीटरला 250 पिक्सेल धरले आहेत. आधी पाहिलेला माणूस हाच, एवढं म्हणायला 125. हे आकडे कार्डाला लावून पाहिले की बरेच भ्रम उतरतात. डी1 च्या 704 पिक्सेलमध्ये ओळख पटवायची तर कॅमेऱ्याने जेमतेम 2.8 मीटर रुंदीचा पट्टा पाहायला हवा. सीआयएफच्या 352 मध्ये तोच पट्टा 1.4 मीटरवर येतो, म्हणजे एका दाराएवढा. आपल्याकडे मात्र एका कॅमेऱ्यात अख्खा पार्किंगचा चौक बसवतात, ते सीआयएफमध्ये टिपतात आणि त्यातून चेहरा मागतात. तो चेहरा त्या चित्रात कधी नव्हताच. कुठलंही सॉफ्टवेअर तो नंतर आणू शकत नाही, आणि ‘झूम करून स्वच्छ करून देतो’ म्हणणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवू नये.

यावर अनुभवी जोडणीवाले एक आक्षेप घेतात आणि तो विचार करण्याजोगा आहे. पाहणीसाठी सेकंदाला 25 फ्रेम कोणाला लागतात, असं ते म्हणतात. पाच-सहा पुरतात, हार्ड डिस्कही वाचते. जिना, व्हरांडा, पार्किंग यांच्या बाबतीत मला हे पूर्ण मान्य आहे. डी1 च्या सहा फ्रेम आणि सीआयएफच्या 25 फ्रेम यांत निवड करायची वेळ आली तर अशा ठिकाणी मी बेलाशक पहिल्या घेईन. पण आक्षेपात एक गृहीत दडलेलं आहे: त्या सहा फ्रेम खरोखर सहा आहेत आणि सारख्या अंतराने येतात, असं. एका चिपच्या वाटणीतून येणाऱ्या फ्रेम तशा नसतात. शिवाय गल्ल्यावर, नोटा मोजण्याच्या जागी किंवा दागिने दाखवण्याच्या काउंटरवर हात क्षणात फिरतो. तिथल्या कॅमेऱ्याला स्वतःची चिप आणि पूर्ण 25 फ्रेम हव्यात, यात तडजोड नको. म्हणून कार्ड निवडताना आधी कॅमेऱ्यांची संख्या न धरता त्यांची कामं वेगळी लिहून काढावीत. सोळांपैकी बहुधा तीन-चारच ओळख पटवणारे असतात, बाकीचे केवळ वावर दाखवणारे. चांगलं कार्ड या दोन गटांना वेगवेगळा आकार आणि वेगवेगळा वेग देऊ देतं. ते देत नसेल तर घेऊ नये.

दुसरा आक्षेप असा की आता कार्डांचे दिवसच संपले. डीव्हीआर घ्या किंवा आयपी कॅमेरे लावा. नवी इमारत बांधत असाल तर मीही तेच सांगेन. आयपी कॅमेरा चित्र स्वतःच आकड्यांत बदलून पाठवतो, कार्डाचा प्रश्नच उरत नाही. पण भिंतींतून जुनी केबल गेलेली आहे, कॅमेरे धड आहेत, झोनमाइंडरसारखं खुलं सॉफ्टवेअर वापरायचं आहे, अशांना कार्ड आजही उपयोगी पडतं. त्यांनी एवढं मात्र लक्षात ठेवावं की एचडी-सीव्हीआय, एचडी-टीव्हीआय किंवा एएचडी पद्धतीचा कॅमेरा जुन्या पाल कार्डावर चित्र देणार नाही. त्याला साध्या सीव्हीबीएसवर, म्हणजे जुन्या ऍनालॉग सिग्नलवर, आणायची सोय आहे का ते आधी पाहावं. आणि डीव्हीआर घेतला म्हणजे वाटणीच्या गणितातून सुटका झाली असंही नाही. खोक्यावर ‘1080एन’ किंवा ‘1080पी लाइट’ असेल तर ते चित्र सहसा 960 बाय 1080 चं असतं, म्हणजे 1920 च्या रुंदीतली निम्मी गेलेली. डी1 आणि सीआयएफची जुनी गोष्ट नव्या नावाने चालूच आहे.

कार्डाबरोबर त्याचं सॉफ्टवेअर येतं आणि पुष्कळदा ते त्याच कार्डावर चालतं. यातून दोन बंधनं पडतात. पहिलं आयुष्याचं. विंडोज एक्सपीचा आधार 8 एप्रिल 2014 ला संपला. 64 बिट विंडोजना व्हिस्टापासून सही केलेला ड्रायव्हर लागतो. ज्या उत्पादकाने नवा ड्रायव्हर काढलाच नाही, त्याचं कार्ड धडधाकट असूनही निकामी झालं, किंवा त्याच्यासाठी असुरक्षित जुना पीसी राखून ठेवावा लागला. लिनक्समध्ये 878 चिपचा ड्रायव्हर खुला असल्याने ती कार्डं तुलनेने जास्त टिकली. दुसरं बंधन पुराव्याचं, आणि ते अधिक गंभीर आहे. जालना विधानसभा मतदारसंघाच्या 2014 च्या निवडणुकीवरून झालेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात वाद होता तो उमेदवारी अर्ज दुपारी 3 च्या आत दाखल झाला की नंतर, याचा. आणि पुराव्यात निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण होतं. मूळ उपकरण हजर न करता प्रत दिली तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं साक्ष कायद्यातलं प्रमाणपत्र अनिवार्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 ला स्पष्ट केलं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 नुसार त्या प्रमाणपत्राबरोबर फाइलची हॅश व्हॅल्यूही, म्हणजे फाइल बदलली की बदलणारा तिचा आकडाही, द्यावी लागते. आता ज्या सॉफ्टवेअरची फाइल फक्त त्याच्याच प्लेयरवर उघडते आणि साध्या स्वरूपात काढायला गेलं की पुन्हा दाबली जाऊन बदलते, तिच्याबद्दल प्रमाणपत्रावर सही करणाऱ्याने काय सांगायचं? वेळेचंही तसंच. चित्रावर उमटणारी वेळ पीसीच्या घड्याळाची असते. मदरबोर्डवरचा सेल उतरला की ती बिघडते. मूळ फाइल जशीच्या तशी काढून देणारं आणि इंटरनेटवरच्या वेळेशी घड्याळ जुळवत राहणारं सॉफ्टवेअर नसेल, तर कार्ड कितीही चांगलं असलं तरी ते नाकारावं.

कोकणात आणि घाटमाथ्यावर जूनमध्ये विजा कडाडू लागल्या की आणखी एक धोका असतो. छतावरच्या कॅमेऱ्याची केबल विजेची लाट थेट मदरबोर्डपर्यंत आणते, म्हणून बाहेरच्या प्रत्येक केबलला सर्ज प्रोटेक्टर हवाच. वीज गेली आणि परत आली की पीसी आपोआप सुरू व्हावा, ही सोय बायोसमध्ये चालू करून घ्यावी. कार्डावर वॉचडॉगची तार असेल तर तीही रीसेटच्या पिनेला जोडावी, म्हणजे अडकलेला पीसी स्वतःच पुन्हा सुरू होतो.

लॅमिंग्टन रोडला असो की पुण्याच्या तपकीर गल्लीत, दुकानात कार्ड दाखवतात ते बहुधा एकच कॅमेरा लावून. एका कॅमेऱ्यावर एका चिपचं कार्डही पुऱ्या 25 फ्रेमचं सुंदर चित्र देतं, त्यामुळे त्या दाखवण्यातून काहीच सिद्ध होत नाही. कार्ड हातात घ्या आणि त्यावरच्या सारख्या चौकोनी चिप मोजा. त्या पंख्याखाली झाकल्या असतील तर कार्ड पीसीत बसवायला सांगून डिव्हाइस मॅनेजरमध्ये किती व्हिडिओ उपकरणं दिसतात ते पाहा. मग सगळ्या तोंडांना कॅमेरे लावायला सांगा, डी1 वर ठेवायला सांगा आणि मोबाइलवरचं शंभरांश सेकंद दाखवणारं स्टॉपवॉच सगळ्यांसमोर धरून एक मिनिट रेकॉर्ड करा. ती फाइल पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या संगणकावर उघडा, एकेक फ्रेम पुढे सरकवा आणि एका सेकंदात स्टॉपवॉचचे वेगवेगळे आकडे किती दिसले ते मोजा. जेवढे दिसतील, तेवढ्याच तुमच्या खऱ्या फ्रेम. विक्रेत्याने ही चाचणी करू दिली नाही तर ते कार्ड घेऊ नका.