मार्केट रिसर्चमधली ऑफर: सीटीसी सोडा, हातात किती येणार ते बोला



धंदा शिकवणाऱ्या चॅनलवर नोकरीच्या पगाराचा विषय कशाला, असं वाटलं असेल. पण तुमच्यापैकी बरेच जण आधी दोन-तीन वर्षं नोकरी करून भांडवल जमवणार आहात. मग नोकरी अशी धरा जिथे गिऱ्हाईक कळतं. मार्केट रिसर्चमध्ये तेच काम असतं. लोक साबण का बदलतात, दहा रुपयांचा पुडा का उचलतात, हे विचारायचे तुम्हाला पैसे मिळतात. रिटेल ऑडिटचं सूत्र तर आपल्या वहीतलंच आहे: सुरुवातीचा स्टॉक अधिक खरेदी, वजा उरलेला स्टॉक, म्हणजे विक्री.

मी बीबीए केलं तेव्हा मार्केट रिसर्चचा पेपर होता. ऑफर लेटर कसं वाचायचं, हे मात्र एकाही पेपरात नव्हतं. व्हिडिओत आकडे भरभर गेले, म्हणून इथे सावकाश मांडतो.

समजा, एका रिसर्च एजन्सीने तुम्हाला ४,८०,००० रुपये सीटीसी दिला. हा आकडा फक्त हिशोबासाठी घेतलाय. डोक्यात लगेच भागाकार होतो: महिना ४०,०००. आता ऑफरचा दुसरा कागद उघडा. व्हेरिएबल १० टक्के, म्हणजे ४८,००० बाजूला. ते वर्षाअखेरीस, आणि मिळाले तर. बेसिक निम्मा धरला, म्हणजे वर्षाला २,४०,०००, तर त्यावर ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी, ११,५४४ रुपये. कंपनीचा पीएफ १५,००० च्या मर्यादेवर धरला तर महिना १,८००, वर्षाचे २१,६००. मेडिक्लेमचा हप्ता समजा ६,०००. हे सगळं वजा केलं की उरतात ३,९२,८५६, म्हणजे महिना ३२,७३८. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि महाराष्ट्रातला व्यवसाय कर २०० गेला (फेब्रुवारीत ३००) की खात्यात जमा होतात ३०,७३८ रुपये.

महिन्याला ९,२६२ चा फरक. दोन वर्षांत २,२२,२८८. तुम्ही जर ४०,००० धरून दुकानाचं डिपॉझिट आणि पहिला माल ठरवला असेल, तर ती दोन्ही गणितं इथेच कोसळली. पीएफचे पैसे बुडत नाहीत हे खरं, पण गाळेमालक पीएफचं पासबुक बघून चावी देत नाही. ग्रॅच्युइटी तर कायम नोकरीत सलग पाच वर्षं झाल्यावर मिळते. दोन वर्षांत बाहेर पडणाऱ्यासाठी ती रक्कम कागदावरच राहते.

मग मागायचं काय? बहुतेक जण म्हणतात, "सर, थोडं वाढवून द्या ना." याला एचआरकडे ठरलेलं उत्तर असतं: बजेट नाही. मीही दुकानात दोन जणांना पगार देतो, त्यामुळे पलीकडची बाजू माहीत आहे. एकदा वाढवलेला पगार दर महिन्याला द्यावा लागतो, म्हणून मालक तिथे हात आखडतो. त्यामुळे एकूण आकड्याला हात न लावता आतली मांडणी बदलायला सांगा. आधी विचारा, "या टीमला मागच्या वर्षी व्हेरिएबल सरासरी किती टक्के मिळालं?" उत्तर गुळमुळीत आलं तर म्हणा:

"ऑफरबद्दल आभार, हे काम मला करायचंच आहे. सीटीसी तोच ठेवून व्हेरिएबलचे ४८,००० फिक्स्डमध्ये घेता येतील का? लातूर, कोल्हापूर भागातले मराठी ग्रुप डिस्कशन मी स्वतः घेऊ शकतो, त्यासाठी तुम्हाला बाहेरचा मॉडरेटर लागणार नाही."

एवढं बोलून थांबा. गप्प राहा. निम्मे जरी फिक्स्डमध्ये आले तरी महिन्याला दोनेक हजार वाढले. शेवटचं वाक्य पुन्हा वाचा: तिथे त्यांचा खर्च वाचतोय. घरभाडं वाढलं, बहिणीचं लग्न आहे, ही कारणं खरी असली तरी सौद्यात चालत नाहीत. आपणही व्यापाऱ्याला तेलाचा डबा स्वस्त दे म्हणताना घरची अडचण सांगत नाही, पुढच्या महिन्याची ऑर्डर दाखवतो. एसपीएसएस येत असेल, एक्सेलमध्ये टेबल झटपट काढता येत असतील, तर तेही इथेच सांगा. फक्त जे येतं तेच सांगा, पहिल्याच प्रोजेक्टवर उघडं पडतं.

हे सगळं ऑफर लेखी आल्यावर आणि होकार देण्याआधी. त्याआधी अपेक्षा विचारली तर "या पदासाठी तुमची रेंज काय आहे?" असं विचारायला लाजू नका.

आता धंदा करायचाय त्यांनी पगाराइतकंच लक्ष द्यायची गोष्ट, नोटीस पिरियड. तीन महिन्यांचा असेल आणि दिवाळीआधी गाळा मिळाला, तर भाडं सुरू आणि तुम्ही अजून ऑफिसात. एक महिना मागा. नाही म्हणाले तर पैसे भरून लवकर सुटण्याची सोय लेखी घ्या. बाहेरचं काम न करण्याची अट बघा. नोकरी चालू असेपर्यंत ती पाळावीच लागते, म्हणून घरच्या दुकानात रविवारी बसत असाल तर आधीच सांगून परवानगी मेलवर घ्या. नोकरी सोडल्यावर धंदाच करायचा नाही, अशी अट मात्र भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. त्यांची गुपितं, क्लायंटचा डेटा बाहेर नेणं ही वेगळी गोष्ट, तिकडे फिरकूही नका. जॉइनिंग बोनस देत असतील तर किती महिन्यांआधी सोडलं की परत करावा लागतो, तेही वाचा.

फील्डचं काम असेल तर पेट्रोलचा दर किलोमीटरमागे किती, मुक्कामाचा भत्ता किती आणि बिल टाकल्यावर पैसे किती दिवसांनी येतात, हे विचारा. नाहीतर तुमच्या भांडवलावर एजन्सीचा प्रोजेक्ट चालतो.

काहींना नोकरीऐवजी प्रति मुलाखत दराने काम मिळेल. त्यात पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही. तिथे दर ठरवण्याआधी प्रश्नावली स्वतः एकदा कुणाला तरी विचारून घड्याळ लावा. दहा मिनिटांची आणि पन्नास मिनिटांची मुलाखत एकाच दरात परवडत नाही. बॅक-चेकमध्ये मुलाखत रद्द झाली तर पैसे मिळणार का, आणि चूक प्रश्नावलीची असेल तर कोण भरणार, हे दोन प्रश्न काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी विचारा. उत्तर फोनवर मिळालं, तर तेच तुम्ही मेलवर लिहून पाठवा.