शिक्षकांचे प्रशिक्षण आणि पालकांशी संवाद

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या टोळ्या साखर कारखान्यांची वाट धरतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ होतो. शाळकरी मुले पुष्कळदा आजीपाशी राहतात. असे मूल वर्गात गप्प बसते किंवा खोड्या काढते. त्याला मठ्ठ ठरविणे सोपे. त्याचे मन ओळखणे मात्र शिकावे लागते.

शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली आहे. कलम २४ ने पालकांच्या नियमित बैठका घेणे हे शिक्षकाचे कर्तव्य ठरविले आहे. कर्तव्य सांगितले गेले. ते पार पाडण्याची हातोटी मात्र प्रशिक्षणातूनच यावयाची. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकास दरवर्षी किमान ५० तासांचे प्रशिक्षण सुचविले आहे. त्यांतील काही तास पालकांशी बोलण्याच्या सरावासाठी राखून ठेवणे अगत्याचे आहे.

सकाळी अकराच्या पालकसभेला गेल्यास मजुराचा रोज बुडतो. शिवाय शाळेचे बोलावणे म्हणजे तक्रार, असाच बहुतेकांचा अनुभव. तेव्हा सभा संध्याकाळी, वस्तीवर आणि टोळी निघण्यापूर्वी व्हावी. मुलाला कोण सांभाळणार, हंगामी वसतिगृहाची सोय हवी काय, आईवडिलांशी दूरध्वनीवर केव्हा बोलता येईल, हे तेथेच ठरावे. मुकादमाकडून कोणी उचल घेतली, हे पंचायत सदस्यांना आधीच ठाऊक असते. ती नावे त्यांनी शाळेस वेळीच कळवावीत.