म्हैस दूध चोरते का?

प्रश्न : आमच्या म्हशीची धार सासूबाई काढतात. त्या नणंदेकडे पनवेलला गेल्या म्हणून मी कासेला बसले, तर जेमतेम चहापुरते दूध निघाले, वर लाथ बसली ती वेगळीच. शेजारी म्हणतात, ‘म्हैस दूध चोरते, पान्ह्याचे इंजेक्शन द्या.’ जनावराला दूध खरेच अडवता येते का? आणि त्या इंजेक्शनात असते काय?
– एक वाचक भगिनी, चौल

उत्तर : ताई, चोरीचा आळ आधी काढून टाकू. म्हैस ठरवून दूध अडवत नाही. ते सोडणे तिच्या हातातच नसते.

कासेत दूध पिशवीत भरावे तसे साठलेले असते, असा आपला समज. प्रत्यक्षात ते असंख्य सूक्ष्म पुटिकांत अडकलेले असते. सडाच्या वरच्या पोकळीत आपसूक उतरलेले दूध गाईत साधारण पाचवा हिस्सा, तर म्हशीत जेमतेम विसावा. तुमचा चहा झाला तो या विसाव्या हिश्श्यावर.

बाकीचे दूध उतरायला पुटिकांभोवतीच्या पेशी आवळल्या जाव्या लागतात. त्यांना तसा निरोप देते ऑक्सिटोसिन हे हार्मोन. रेडकू सडाला लागले किंवा ओळखीचा हात कासेवर फिरला की मज्जातंतूंवाटे खबर मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसला जाते. तिथल्या पेशी ऑक्सिटोसिन बनवतात. त्यांचे लांब तंतू खाली पिट्यूटरी ग्रंथीच्या मागच्या भागात उतरलेले असतात आणि तयार माल तिथे साठतो. इशारा मिळताच तो रक्तात सुटतो, कासेपर्यंत पोचतो आणि म्हैस पान्हवते. रोजच्या बादलीचा खणखणाट किंवा पुढ्यातले आंबोणही कधी कधी एवढ्या इशाऱ्याला पुरते.

म्हणजे पिट्यूटरीला सगळ्या ग्रंथींची मुख्य म्हणत असले, तरी इथे ती निव्वळ कोठार आहे. तिचा पुढचा भाग मात्र स्वतः हार्मोने बनवतो. दूध तयार करवणारे प्रोलॅक्टिन तिथलेच. पण त्यावरही हायपोथॅलॅमस डोपामिनचा लगाम ठेवून असतो. रेडकू पिऊ लागले की लगाम सैल होतो. तेव्हा दूध तयार होणे वेगळे आणि सुटणे वेगळे. तुमच्या म्हशीचे पहिले काम चोख झाले होते, दुसरे अडले.

का अडले? परका हात, परका आवाज. बिथरलेल्या जनावराचा मेंदू ऑक्सिटोसिन सोडतच नाही. शिवाय भीतीने रक्तात आलेले अ‍ॅड्रेनलिन कासेच्या रक्तवाहिन्या आकसवते, त्यामुळे सुटलेले थोडेफारही नीट पोचत नाही.

शेजाऱ्यांच्या इंजेक्शनात हेच ऑक्सिटोसिन, कारखान्यात बनवलेले. अवघ्या नऊ अमिनो आम्लांचा हा रेणू विन्सेंट द्यु विन्यो यांनी 1953 मध्ये प्रयोगशाळेत तयार केला. 1955 चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. बाळंतपणात डॉक्टर तो वापरतात, कारण गर्भाशयही त्याने आवळले जाते. म्हणूनच गाभण जनावराला तो घातक ठरू शकतो. रोज टोचत राहिले, तर म्हैस पुढे त्याशिवाय पान्हवेनाशी होते. दूध वाढवण्यासाठी जनावराच्या तब्येतीला अपायकारक इंजेक्शन देणे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

अशा दुधाने मुली लवकर वयात येतात, ही भीती मात्र गैरसमजातून आलेली. ऑक्सिटोसिन हे प्रथिनाच्याच जातीचे, पोटात गेले की पचून जाते. वयात येण्याची सूत्रे पिट्यूटरीच्या पुढच्या भागातल्या वेगळ्याच हार्मोनांकडे असतात.

मग करायचे काय? सासूबाई घरी असतानाच चार दिवस त्यांच्याशेजारी बसा, आंबोण तुम्ही घाला. वेळ, जागा, बादली बदलू नका. आधी रेडकू लावा, कास कोमट पाण्याने पुसा आणि दोन-तीन मिनिटे धीर धरा. म्हशीला गाईपेक्षा वेळ लागतो. सड ताठले की मात्र रेंगाळू नका, कारण ऑक्सिटोसिनचा अंमल काही मिनिटांतच ओसरतो. आणि लाथ बसली तरी ओरडू नका. ओरडलात, तर त्या वेळचे उरलेले दूध गेलेच म्हणून समजा.