कंडराघातात अल्ट्रासाउंड : उपयोग व मर्यादा

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात सोळा कंडरा सांगितल्या आहेत. चरकाचार्य कंडरेस रक्ताचा उपधातू मानतात. आधुनिक शारीरातील टेंडन म्हणजेच कंडरा, असे स्थूलमानाने धरून आम्ही येथे विवेचन करीत आहोत.

वर्धा जिल्ह्यात सोयाबीनची सोंगणी सुरू झाली की विळ्याने बोट कापलेले रुग्ण चिकित्सालयात येऊ लागतात. जखम लहान दिसते, रक्तस्राव थांबलेला असतो. परंतु पेर वाकविण्यास सांगितल्यास ते वाकत नाही. अशा वेळी कंडरा तुटली आहे असेच समजावे. तिचे वरचे टोक स्नायूच्या ओढीने मागे सरकते. ती टोके कोणताही स्नेह, लेप वा यंत्र जुळवू शकत नाही. असा रुग्ण त्याच दिवशी सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय किंवा सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय अशा ठिकाणी शल्यचिकित्सेसाठी पाठवावा. प्रत्येक पेराची हालचाल पृथक् तपासल्याखेरीज पट्टी बांधू नये.

अल्ट्रासाउंडचा विचार करावयाचा तो अखंड, पण दुखावलेल्या कंडरेसाठी. १ मेगाहर्ट्झच्या लहरी सुमारे ३ ते ५ सें.मी. खोल जातात, ३ मेगाहर्ट्झच्या १ ते २ सें.मी.; म्हणून कोपर, टाच येथे दुसरी योग्य. उंदीर व सशांवरील अनेक प्रयोगांत या लहरींनी कोलॅजेन तंतूंची निर्मिती व कंडरेचे बल वाढलेले आढळले. मनुष्यांत मात्र यंत्र बंद ठेवून केलेल्या उपचारापेक्षा ठळक लाभ क्वचितच दिसला. व्हिएन्ना येथील १९९९ च्या अभ्यासात खांद्याच्या कंडरेत चुना साचलेल्या रुग्णांना सहा आठवड्यांत चांगला उपशय मिळाला. नऊ महिन्यांनी वेदनेतील तो फरक उरला नव्हता.

तेव्हा यंत्र हे साहाय्यक, इतकेच आमचे मत आहे. कंडरेची पुनर्रचना कित्येक महिने चालते आणि तंतूंना योग्य दिशा मिळते ती क्रमाक्रमाने वाढविलेल्या भारामुळे. अभ्यंग व उपनाह यांनी रुग्णास बरे वाटते. परंतु त्या भरात कापसाची ओझी उचलणे सुरू झाले, तर व्याधी पुन्हा उलटते.

वाळलेला लेप त्वचेवर ठेवून यंत्र फिरविण्याचा प्रकार आमच्या पाहण्यात आहे. लेपातील हवा लहरी अडवते. त्वचा स्वच्छ पुसून जेलच वापरावे. यंत्राचे तोंड एका जागी स्थिर ठेवू नये, अस्थ्यावरण पोळते. गर्भिणीचे उदर, अर्बुद, पेसमेकर व शिरेतील रक्ताची गुठळी येथे प्रयोग वर्ज्य. यंत्र चालते की नाही हे पाहण्यासाठी त्याच्या तोंडावर पाण्याचे थेंब टाकून ते क्षणभरच चालू करावे. पाणी थरथरले नाही तर यंत्र दुरुस्तीस पाठवावे.